कंच्या सोमवारी?

पत्र मोठं होतं, सहा पानांचं. त्यातला मुद्द्याचा भाग असा:

"ताई, माझं वय ३९. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत क्लार्क आहे. नोकरीला पंधरा वर्षं झाली, पगार २४,०००. बायको घरी ब्लाउज आणि पिको-फॉलचं काम करते, मुलगी आठवीत. २०१८ साली मी एक दोन अंकी नाटक लिहिलं, बुडालेल्या पतसंस्थेवर. मी कॉलेजात असताना आमच्या वडिलांची ठेव अशीच एका पतसंस्थेत अडकली होती. नाटकाचा पहिला प्रयोग २२ मार्च २०२० ला ठरला, आणि नेमका त्या दिवशी जनता कर्फ्यू. मग चार वर्षांनी परत जुळवाजुळव केली. कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृहाची सप्टेंबरातल्या पहिल्या रविवारची तारीख घेतली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह जळालं. गेल्या डिसेंबरात म्हटलं, गावातच करू. प्रयोगाला बारा दिवस राहिले असताना नाटकातल्या आजीची भूमिका करणारी बाई सोडून गेली. तालीम रात्री साडेनऊला सुरू व्हायची, संपायला बारा वाजायचे. घरचे नको म्हणतात, असं तिनं कारण दिलं. आतापर्यंत १,८५,००० रुपये गेले. त्यातले ६०,००० सासऱ्यांचे. आता मी ठरवलंय, राजीनामा द्यायचा, पीएफ काढायचा आणि वर्षभर मुंबईला जायचं. मोठी उडी मारल्याशिवाय काही होत नाही. बायको म्हणते, 'नाटक करा की, पण घर नाटकात घालू नका.' तुम्ही सांगा, मारू का उडी?"

सोबत नाटकाची पहिली वीस पानं होती. नाव छापू नका म्हणालात, छापत नाही.

अहो, तुमचं पत्र मी नंतर वाचलं. आधी नाटकाची पानं वाचली. खोड आहे माझी. सांगलीच्या हौशी मंडळींत पंचवीस वर्षं विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग केलं की माणूस पत्रापेक्षा संहिता आधी उचलतो.

पहिल्या तेरा पानांत मी दोनदा उठले. एकदा कुकर बंद करायला आणि एकदा उगाच. चेअरमनचं भाषण लांब आहे, त्यातला विनोद जुना आहे, आणि कार्यालयातल्या माणसांची ओळख करून द्यायला तुम्ही जो वेळ घेता, तेवढ्यात आमच्याकडं मध्यंतराचे वडे तळून व्हायचे. पण चौदाव्या पानावर ती आजी काउंटरला येते. प्लॅस्टिकच्या पिशवीतून ठेवपावती काढते. नातवाच्या ऑपरेशनला स्वतःचेच ४०,००० मागते. क्लार्क म्हणतो, पुढच्या सोमवारी या. ती येते. तो पुन्हा म्हणतो, पुढच्या सोमवारी. चौथ्या खेपेला ती पावती परत पिशवीत घालत नाही, काउंटरवर ठेवते, वर तळहात ठेवते आणि म्हणते, "तू म्हनलास, म्या आले. आता कंच्या सोमवारी त्ये कागदावर लिवून दे." क्लार्क पेनाचं टोपण काढतो. परत लावतो.

ती साडेचार पानं मी शेजारच्या काकूंना वाचून दाखवली. त्यांनी नाटक कसं वाटलं ते सांगितलंच नाही. त्यांनी विचारलं, "कुठली गं पतसंस्था?"

तेव्हा उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे बाकीचं तुम्ही शांतपणे वाचाल. उडी मारा. पण तुम्ही ज्या कट्ट्यावर चढून बसलाय, तिथून नको.

मुंबईचं आधी निपटून टाकू. तुम्ही मुंबईला जाऊन नेमकं काय करणार, हे सहा पानांत कुठंही नाही. "संधी मिळेल" एवढंच आहे. कुठली संधी? नट म्हणून म्हणाल, तर तुम्ही नट नाही, तुम्हीच लिहिलंय. लेखक म्हणून म्हणाल, तर निर्मात्याच्या हातात काय देणार? अकरा पात्रं, तीन सेट आणि एकही प्रयोग न झालेली संहिता. आजचं व्यावसायिक नाटक शनिवार-रविवारच्या प्रयोगांवर चालतं. कलाकार एका बसमध्ये, सेट टेम्पोत, प्रत्येकाची नाईट, म्हणजे प्रयोगामागचं मानधन, वेगळी. पाच-सहा पात्रं आणि एकच सेट असला तर निर्माता जरा कान देतो. अकरा म्हटल्यावर तो चहा पाजतो आणि "बघू" म्हणतो. म्हणजे तुमच्या भाषेत, पुढच्या सोमवारी या. डोंबिवलीत कॉट बेसिसवर राहून, महिन्याला पीएफमधून खर्च करत असं "बघू" ऐकायला वर्ष कशाला पाहिजे? ते फोनवरही ऐकू येतं.

तुम्ही म्हणाल, ताई, तुमचे सांगलीचे विष्णुदास भावेसुद्धा शेवटी मुंबईलाच गेले. गेले ना. आमच्या गावाला त्याचा अभिमानच आहे. पण कसे गेले ते बघा. १८४३ मध्ये सांगलीत पहिला खेळ केला, सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि राजाश्रय संपला. नाटकमंडळी पोसायला झालेलं कर्ज डोक्यावर, दरबारातून नवी मदत नाही. मग मंडळी घेऊन गावोगाव फिरले आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. आश्रय तुटला म्हणून मराठी नाटक तिकिटावर आलं असं म्हणायला हरकत नाही, पण मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ते मुंबईला पोचले तेव्हा दहा वर्षांचे खेळ गाठीला होते. नटांना काम पाठ होतं. सामान बांधलेलं होतं. ते नाटक शोधायला मुंबईला गेले नव्हते, नाटक घेऊन गेले होते. तुमचं नाटक अजून तुमच्या गावच्या मारुतीच्या देवळापर्यंतसुद्धा गेलेलं नाही.

आता तुमच्या तीन फटक्यांबद्दल. पत्रात तुम्ही तिन्ही एकाच दमात, एकाच सुरात सांगितलेत, "नशीबच नाही" म्हणून. मला ते तीन वेगवेगळे दिसतात.

पहिला, कर्फ्यूचा. तो सगळ्या देशाचा होता. त्यावर बोलायचं काही नाही.

दुसरा मात्र मलाही लागलेला आहे. शाहू महाराजांनी बांधलेलं ते थिएटर, १९१५ पासून उभं होतं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती आणि आदल्या रात्री आग. सकाळी फोनवर फोटो आले तेव्हा आमच्या ग्रुपमधला एक नट, साठीच्या पुढचा माणूस, नुसता "अरे... अरे..." असे आवाज काढत होता. त्या रंगमंचावर त्यानं आयुष्यात तीनदाच काम केलं होतं. ज्यांच्या नावाचं ते नाट्यगृह, त्या केशवरावांनी वयाची अठरा पुरी व्हायच्या आत, १९०८ साली, स्वतःची नाटक कंपनी काढली होती, ललितकलादर्श. तेव्हा तुमची तारीख गेली त्याचं दुःख मी हलकं करत नाही. पण एक विचारते. ऑगस्ट २०२४ ते गेला डिसेंबर, या मधल्या सव्वा वर्षात काय केलंत? पत्रात त्या काळाची एक ओळ नाही. नाट्यगृह जळालं, संहिता तुमच्या कपाटात होती. नट गावात होते. पोशाख, तुम्हीच लिहिलंय, बायकोनं डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवले होते. जळालं ते तुमचं नव्हतं. जे तुमचं होतं ते सगळं शाबूत होतं, आणि तुम्ही सुतक पाळत बसलात.

तिसरा फटका तर फटकाच नाही. तो तुम्ही स्वतः ओढवून घेतलात. रागवा, पण ऐका. तालीम साडेनऊ ते बारा. तालुक्याचं गाव, डिसेंबरची थंडी, रस्त्यावर कुत्री. त्या बाईला रोज रात्री घरी कोण सोडत होतं? तुमच्या सहा पानांत नटांच्या चहाचा हिशोब आहे, सेटच्या प्लायवुडचा आहे, हा नाही. "घरचे नको म्हणतात" हे वाक्य मी पंचवीस वर्षांत किमान वीस बायकांच्या तोंडून ऐकलंय, आणि त्यातल्या निम्म्या वेळा घरचे काहीच म्हणालेले नसतात. बाईला स्वतःला सांगायचं असतं की मला बारा वाजता एकटीनं चालत जायचं नाही, आणि तुमच्यातल्या एकालाही ते सुचत नाही, याचा मला कंटाळा आलाय. पण असं म्हटलं तर "नखरे" म्हणतात, म्हणून घरच्यांवर ढकलायचं. जाऊन माफी मागा. काम परत करा म्हणायला नको, नुसती माफी. काम करायचं की नाही ते तिचं ती बघेल. आणि पुढची तालीम संध्याकाळी सहा ते साडेआठ. पुरुषांना जमत नसेल तर पुरुष बदला.

इथं माझी एक गोष्ट सांगते, कारण तुमच्या पत्रातला एक सूर माझ्या ओळखीचा आहे.

१९९१ साली आमच्या ग्रुपमध्ये मला पहिल्यांदा प्रकाशयोजना मिळाली. तोपर्यंत चहा, प्रॉम्प्टिंग आणि नटीच्या साडीला पिना. मी झपाटल्यासारखी कामाला लागले. डालड्याच्या डब्यांत शंभरचे बल्ब बसवून स्पॉट केले, आतून चांदीचा कागद लावून. डिमर म्हणजे चिनी मातीच्या बरण्या, त्यात मिठाचं पाणी आणि वर-खाली करायच्या पट्ट्या. पट्टी खाली गेली की उजेड वाढायचा, वर आली की मंद. (जिवाशी खेळ होता तो. आज कुणी करायला लागलं तर मी आधी मेन स्विच बंद करीन.) दीड महिना वहीत प्रत्येक वाक्यापुढं आकडे लिहिले. प्रयोगाच्या दिवशी परगावच्या सभागृहात गेलो, तर तिथल्या माणसानं बरण्या बघितल्या आणि हात जोडले. त्याचं बरोबरच होतं. शेवटी सगळं नाटक सभागृहाच्या सहा ट्यूबलाइटच्या पांढऱ्याफटक उजेडात झालं. मी विंगेत वही घेऊन उभी. प्रत्येक वाक्याला मनातल्या मनात पट्टी वर-खाली करत होते. दुसऱ्या अंकाच्या शेवटी लोक रडले. बाहेर पडताना एकालाही कळलं नाही की या नाटकाला प्रकाशयोजना होती. मला त्याचा राग आला. खोटं कशाला बोलू, अजूनही येतो.

पण त्या दिवसापासून मला नाटकात काय काय नसलं तरी चालतं याची यादी करता येते. तुमची यादी करून बघितली. नाट्यगृह नसलं तरी चालेल. तीन सेट, चेअरमनची फिरती खुर्ची, दुसऱ्या अंकातली मिरवणूक, सगळं नसलं तरी चालेल. आजी नसली तर चालणार नाही. काउंटर म्हणून एक टेबल लागेल. टोपणाचं पेन लागेल.

आता जे तुम्ही लिहिलं नाही त्याबद्दल. हे लिहू की नको, दोन दिवस विचार केला.

वडिलांची ठेव बुडाली ती पतसंस्था तुमच्याच गावातली. ती चालवणारे लोक कुठं गेले? कुठंच गेले नसणार. अशी माणसं कुठं जात नाहीत. लग्नात पहिल्या पंगतीला असतात, शाळेच्या संमेलनात पहिल्या रांगेत असतात. तुम्ही गावात नाटक केलंत तर त्यातले एक-दोन जण बघायला येतील, किंवा आपल्यावर काहीतरी आहे असं ऐकून मुद्दाम येतील. दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमच्या काउंटरला बसलेले असाल आणि समोर त्यांच्यापैकीच कुणाचातरी पुतण्या चेक घेऊन उभा असेल. या भीतीबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. आणि मला वाटतं, कर्फ्यूपासून मुंबईपर्यंत सगळ्याच्या खाली तीच आहे. २०२४ मध्ये गाव सोडून कोल्हापूरची तारीख का घेतलीत? मुंबईत काय आहे? मुंबईत त्या माणसांना कुणी ओळखत नाही, हे आहे.

माझा अंदाज चुकला असेल तर सोडून द्या. चुकला नसेल, तर तुमची खरी उडी तालुक्याच्या गावातच आहे, राजीनाम्याच्या कागदावर नाही. राजीनामा द्यायला एक मिनिट लागतं. पहिल्या रांगेकडं बघून आजीचा तो प्रवेश करायला पंधरा लागतात.

मी तुम्हाला हुतात्मा व्हायला सांगत नाही. नोकरी आहे, मुलगी आठवीत आहे. नावं, आडनावं, पाटीचा रंग, गल्ली, कुणाची लकब ओळखू येईल असं सगळं बदला. चेअरमनला मिशा असतील तर काढा. तालुक्याच्या कोर्टातल्या एखाद्या वकिलाला संहिता वाचायला द्या आणि फी द्या, फुकट वाचून घेऊ नका. फुकट वाचणारा वरवर वाचतो. एवढं केल्यावरही लोक ओळखतील. ओळखू देत. काकूंनी सांगलीत बसून ओळखलं.

बरं, आता करायचं काय. नाटकाला कात्री लावा. कोल्हापुरातल्या ज्या ज्येष्ठ दिग्दर्शकांनी "लांबलंय" म्हटलं आणि ज्यांच्यावर तुम्ही पाऊण पान चिडून लिहिलंय, त्यांनी तुमच्यावर उपकार केलेत. तुमचं नाटक शेवटपर्यंत वाचलेला तो बहुधा एकमेव माणूस आहे. अकराचे चार करा: आजी, क्लार्क, चेअरमन, नातू. बाकीचे फोनवर बोलू देत नाहीतर त्यांच्याबद्दल कुणीतरी बोलू दे. दोन तास चाळीस मिनिटांचं सव्वा तासावर आणा. तुम्हाला वाटेल नाटक मेलं. आठवडाभर तसंच वाटतं. माझ्या ओळखीच्या प्रत्येक लेखकाला वाटलंय. परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र तुमच्याकडं २०२० पासून आहे हे चांगलं. पण एवढी कापाकापी झाल्यावर संहिता परत पाठवावी लागेल का ते आधी विचारून घ्या, म्हणजे ऐन वेळी कुणी कागद मागितला तर फजिती नको.

जागा शाळेचा हॉल. नाक मुरडू नका. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून आविष्कार या नाट्यसंस्थेनं जे केलं, ते तुम्हाला मी काय सांगू? शाळेचाच हॉल तो. मागं बसलेल्यालाही नटाच्या कपाळावरचा घाम दिसायचा एवढं अंतर. मोठ्या नाट्यगृहाचं भाडं ज्यांना परवडत नव्हतं त्यांची नाटकं तिथं उभी राहिली, आणि आज मराठीतल्या अर्ध्या मोठ्या नावांच्या आठवणीत ती शाळा असते. तुमच्या साडेचार पानांना तेवढंच अंतर पाहिजे. आजीचा तळहात पावतीवर पडतो तो आवाज हजार खुर्च्यांच्या थिएटरात माइकमधून येईल. वर्गात तो टेबलावरून येतो.

खर्चाचा आकडा काढा आणि तो दहा हजारांच्या आत बसवा. हॉल, दोन हॅलोजन, सतरंज्या, चहा, बाईंच्या जाण्या-येण्याची रिक्षा. दहाच्या वर गेलं की काहीतरी कापा, चहा सोडून. तिकीट लावू नका. दारात डबा ठेवा.

आणि वार सोमवार घ्या. रविवारी गावात लग्नं असतात, शनिवारी बाजार. सोमवारी हॉल मोकळा मिळतो. माझं कारण मात्र वेगळं आहे, तुम्हाला कळलंच असेल. तुमच्या आजीनं जे क्लार्ककडं मागितलं, ते मी तुमच्याकडं मागतेय. हे वाचून झालं की कॅलेंडर बघा, सहा आठवड्यांच्या आतला एक सोमवार शोधा, तारीख कागदावर लिहा आणि तो कागद बायकोकडं द्या. माझ्याकडं पाठवू नका, मी लांब आहे, मला फसवणं सोपं आहे.

बायकोचा विषय निघालाच आहे तर. तुम्ही लिहिलंय, "तिचा पाठिंबा नाही." अकरा पोशाख कुणी शिवले? त्याची शिलाई तुमच्या १,८५,००० मध्ये धरलीत का? मी हिशोब दोनदा बघितला. २०२० चे ४८,०००, २०२४ चे ७२,०००, डिसेंबरातले ६५,०००. शिलाई कुठंच नाही. अकरा पोशाख म्हणजे निदान तीन आठवडे गिऱ्हाइकांचे ब्लाउज मागं ठेवून केलेलं काम. तुमच्या नाटकात सगळ्यात जास्त पैसा घातलेलं माणूस घरात आहे आणि तुम्ही तिला "पाठिंबा नाही" म्हणता. ती म्हणाली ते वाक्य परत वाचा. "नाटक करा की." हे आधी आहे.

सासऱ्यांच्या साठ हजारांचं असं करा. त्यांना जाऊन सांगा की नाटक लहान करतोय, महिन्याला दोन हजार देईन, अडीच वर्षांत फिटतील. पहिले दोन हजार हातात घेऊनच जा. ते नको म्हणतील, तरी द्या. ज्याच्या नाटकाचा विषयच लोकांच्या अडकलेल्या ठेवी आहे, त्यानं सासऱ्याला "पुढच्या सोमवारी" म्हणू नये एवढंच.

राजीनाम्याचं मी "कधीच नको" म्हणत नाहीये. सोमवारचा प्रयोग होऊ दे. मग शेजारच्या गावात एक, मग निपाणीला, आजऱ्याला, कुणी बोलावेल तिथं. वीस प्रयोग झाले आणि तेव्हाही मुंबईला जावंसं वाटलं, तर महिनाभराची बिनपगारी रजा काढा आणि जा. तेव्हा तुमच्या पिशवीत चार पात्रांचं, एका टेबलाचं, वीस वेळा लोकांसमोर तावून सुलाखून निघालेलं नाटक असेल. निर्मात्यानं "बघू" म्हटलं तर त्याला विचारता येईल, कंच्या सोमवारी. कदाचित तोवर मुंबई नकोशीही होईल. तेव्हाचं तेव्हा.

आणि समजा सोमवारी बाराच माणसं आली, तर? येतील बारा. आमच्या एका प्रयोगाला नऊ आले होते, त्यातले तीन नटांचे नातेवाईक आणि एक पावसाला आडोसा म्हणून. नऊ जणांसाठी केला प्रयोग. वाईट झाला, तेही सांगते. दुसऱ्यांदा बरा झाला.

तुमच्या मुलीला तिसरी घंटा द्यायचं काम द्या. आठवीतल्या पोरांना घड्याळाकडं बघत उभं राहायला आवडतं, आणि ती एक मिनिटही उशीर होऊ देणार नाही, हे मी माझ्या भाचीवरून सांगते. आजीच्या पिशवीला नवी पिशवी वापरू नका. कुणाच्या तरी आजीची खरी मागून आणा, ती चुरचुरते वेगळी.

शेवटचं, अगदी बारीक. हॉल ठरवायला जाल तेव्हा ट्यूबलाइटचं बटण कुठं आहे ते आधी बघून ठेवा. आमच्या वेळी ते हेडमास्तरांच्या खोलीत होतं. खोलीला कुलूप होतं आणि हेडमास्तर इस्लामपूरला गेले होते.